दगडी मुखवटा, अकरा प्रती आणि न सुकणारं सिलिकॉन: मदत हवी आहे

मातीकाम

नमस्कार मंडळी,

मी शिल्पकाम शिकले आहे. आजवर उठावचित्रं आणि छोट्या मूर्ती केल्या, पण चित्रपटासाठी प्रॉप, म्हणजे दृश्यात वापरायची वस्तू, करायची ही पहिलीच वेळ आहे. काम मनापासून आवडलंय आणि त्यात अडकलेही आहे, म्हणून हा धागा.

वस्तू आहे दगडी मुखवटा. उंची 32 सेंटीमीटर, मागून पोकळ, डावा गाल झिजलेला, कपाळाचा एक कोपरा उडालेला. हजार वर्षं मातीत पडून राहिल्यासारखा दिसायला हवा. तीन प्रसंगांत तो लागणार आहे. एकात नायिका तो हातात धरून बराच वेळ न्याहाळते आणि कॅमेरा अगदी जवळ असतो. दुसऱ्यात ती तो छातीशी धरून जिन्यावरून पळते आणि पडते. तिसऱ्यात तो हातातून सुटून फरशीवर फुटतो. हिशेब असा झाला: एक क्लोजअपसाठी, दोन पळापळीसाठी, आठ फोडण्यासाठी. एकूण अकरा.

मूळ शिल्प तेलाच्या मातीत, म्हणजे प्लॅस्टिसिनमध्ये केलं. चेहरा मनासारखा उतरला. काल त्यावर प्लॅटिनमवालं सिलिकॉन ओतायला घेतलं. आधी प्लॅस्टिकच्या झाकणात थोडं ओतून पाहिलं होतं, ते चार तासांत छान रबरासारखं झालं. शिल्पावर मात आज सकाळीही वरचा थर घट्ट आणि खाली, मातीला टेकलेला भाग, गुळासारखा चिकट. वजनकाटा बरोबर आहे, प्रमाण दोनदा तपासलं. चित्रीकरणाला 19 दिवस आहेत. अजून थांबू की काढून टाकू?

ओतशाळा

थांबू नका, ते आता सुकणार नाही. एक महिना ठेवलंत तरी तसंच राहील.

तुमची माती कोणती आहे ते डब्यावर बघा. बऱ्याच प्लॅस्टिसिनमध्ये गंधक असतं. प्लॅटिनम सिलिकॉन ज्या उत्प्रेरकामुळे घट्ट होतं, त्या प्लॅटिनमला गंधक निकामी करतं. म्हणून झाकणातला नमुना सुकला आणि मातीला टेकलेला थर चिकट राहिला. सुकलेला भाग आणि चिकट भाग यांच्यातली सीमा अगदी मातीलगत असेल, तर दुसरं कारण शोधायची गरज नाही.

दुसरा प्रश्न, हातात मोजे कोणते होते? लॅटेक्सचे असतील तर तेही या सिलिकॉनला चालत नाहीत. नायट्रिल किंवा व्हिनाइलचे घ्या.

आता शिल्प वाचवायचं. चिकट थर धातूच्या पात्याने ओरबाडू नका, लाकडी कोरणी आडवी धरून हळूहळू उचला. उरलेलं मऊ ब्रशने, अगदी थोड्या स्पिरिटने पुसा. स्पिरिट मातीही मऊ करतं, त्यामुळे बारीक ओरखडे, छिद्रं बुजतील. ती पुन्हा करावी लागतील हे मनात धरूनच बसा.

जिज्ञासू_वाचक

उत्तम धागा. या क्षेत्रातलं काहीच माहीत नाही, तरी शेवटपर्यंत वाचणार. लिहीत राहा.

मातीकाम

ओतशाळा दादा, अगदी बरोबर पकडलंत. डब्यावर लिहिलेलं नाही, पण माती नाकाशी धरली तर तो वास स्पष्ट येतो. आणि हो, मोजे लॅटेक्सचेच होते.

चिकट थर काढला. चार तास लागले. नाक आणि ओठ शाबूत आहेत, पण झिजलेल्या गालावरची छिद्रं गुळगुळीत झाली. ती टाचण्यांच्या जुडीने आणि चुरगाळलेल्या अॅल्युमिनियमच्या कागदाने दाबून पुन्हा उठवली. खरं सांगायचं तर आधीपेक्षा बरी आलीत, आता ती हाताने टोचल्यासारखी वाटत नाहीत.

आता मातीवर लाखेचा किंवा अॅक्रिलिकचा थर मारून तेच सिलिकॉन वापरू का? बरंच उरलंय.

ओतशाळा

थर मारून कधी चालतं, कधी एखाद्या सुईएवढ्या जागी फसतं, आणि ती जागा नेमकी डोळ्याच्या कडेला निघते. उरलेलं सिलिकॉन पुढच्या कामाला ठेवा. या शिल्पाला टिनवालं, म्हणजे प्लॅटिनमऐवजी कथिलाच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं कंडेन्सेशन प्रकारचं सिलिकॉन घ्या. त्याला गंधकाचा त्रास होत नाही.

त्याचा दोष आधीच सांगतो. ते काळानुसार आकसतं, साधारण एक टक्क्यापर्यंत, आणि काही वर्षांत साचा कडक होऊन फाटायला लागतो. तुमच्या 32 सेंटीमीटरच्या मुखवट्यात एक टक्का म्हणजे तीन मिलिमीटर. सगळ्या अकरा प्रती तीन आठवड्यांत त्याच साच्यातून निघणार असतील, तर ते कुणाच्या डोळ्याला कळणार नाही. दहा वर्षं जपायचा साचा असता तर मी गंधक नसलेल्या मातीत शिल्प करून प्लॅटिनमच वापरायला सांगितलं असतं.

आता साच्याची पद्धत. पेटी करून भरभरून ओतू नका, सिलिकॉन वाया जाईल. ब्रशने थर द्या.

पहिला थर पातळ, अगदी रंग लावल्यासारखा. छोट्या ब्रशने भुवईखाली, नाकपुडीत, ओठांच्या फटीत टोचत टोचत बसवा. सगळे बुडबुडे याच थरात मारायचे, कारण प्रतीचा पृष्ठभाग हाच थर ठरवणार. तो बोट लावलं तर ठसा उमटेल पण बोटाला चिकटणार नाही इतका आला की दुसरा थर. दुसऱ्यापासून दाट करणारं द्रव्य मिसळा म्हणजे ओघळणार नाही. एकाआड एक थरात चिमूटभर रंग घाला, एक पांढरा, एक निळसर. कुठे थर द्यायचा राहिला ते लगेच दिसतं. तिसऱ्या थरात जाळीदार कापडाचे तुकडे बसवा. एकूण जाडी आठ ते दहा मिलिमीटर.

मग वरून प्लास्टर बँडेजचं कवच. सिलिकॉन लवचिक आहे, कवच नाही. भुवईखालच्या खोलगट जागेत कवच शिरलं तर ते अडकून बसेल. म्हणून कवच करण्याआधी बाहेरचे खळगे दाट सिलिकॉनने भरून असा आकार करा की कवच सरळ वर उचललं जाईल. सिलिकॉनवर चार-सहा गोल उंचवटे ठेवा, ते कवचात बसतील आणि साचा दर वेळी त्याच जागी येईल.

आणि एक गोष्ट, जी मी स्वतः भोगली आहे. सिलिकॉन सहसा कशालाच चिकटत नाही, पण सिलिकॉनला हमखास चिकटतं. सुरुवातीच्या काळात एका शिंगाचा दोन भागांचा साचा करत होतो. पहिला अर्धा झाला, रात्र झाली होती, आणि मध्ये व्हॅसलीन न लावता दुसरा अर्धा ओतला. सकाळी अखंड ठोकळा. आत शिंग कुठे आहे ते अंदाजाने धरून पातं चालवलं आणि टोकाचे दोन सेंटीमीटर कापले गेले. ते शिंग माझं नव्हतं, दुसऱ्या कलाकाराचं चार दिवसांचं काम होतं. त्यांच्यासमोर ते तुकडे ठेवताना काय वाटलं ते अजून विसरलो नाही. तेव्हापासून दुसरा भाग ओतायच्या आधी मी पेन्सिलीने साच्याच्या पेटीवर बरोबरची खूण करतो. खूण नसेल तर डबा उघडत नाही.

पडद्यामागे

मी प्रॉप विभागात मदतनीस म्हणून बरीच वर्षं काम केलं आहे. साच्याचं ओतशाळा सांगताहेतच, मी सेटच्या बाजूने सांगतो.

ताई, अकराही प्रती एकाच मालाच्या करायचा विचार असेल तर सोडा. कॅमेऱ्याला एकच वस्तू दिसते, पण बनवणाऱ्याला त्या तीन वेगळ्या वस्तू असतात.

क्लोजअपवाली प्रत पॉलियुरेथेन रेझिनची. पण रेझिनची घनता पाण्याहून जेमतेम जास्त असते आणि दगडाची पाण्याच्या अडीच पटीहून अधिक. नायिकेने ती उचलली की मनगट पटकन वर जातं, आणि प्रेक्षकाला कारण न कळता खोटं वाटतं. अभिनेत्री कितीही चांगली असो, प्रत्येक टेकमध्ये वजनाचा अभिनय करायला लावणं बरं नाही. आतल्या बाजूला रेझिनमध्ये लोखंडी छर्रे किंवा वाळू मिसळून दुसरा थर द्या. दगडाइतकं वजन नको, दिवसभर हातात धरायचं आहे. साधारण निम्म्यावर आणा आणि शक्य असेल तर आधी तिच्या हातात देऊन बघा. 1941 च्या ‘द माल्टीज फाल्कन’मधला शिशाचा पक्षी सुमारे 20 किलोचा होता. तसं काही नको, पण पोकळ खोकंही नको.

पळापळीच्या प्रती मऊ पॉलियुरेथेन फोमच्या. जिन्यावर ती पडणार आहे. बरगडीखाली रेझिनची कड आली तर दुखापत ठरलेली. इथे तडजोड करू नका, कुणी कितीही म्हणालं की कठीण प्रत जास्त खरी दिसते. हलत्या दृश्यात ते दिसत नाही.

फोडायच्या प्रती प्लास्टरच्या. त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळे फसतात.

पडद्यामागे

पहिलं, रंग. प्लास्टर पांढरं असतं. वरून कितीही सुंदर दगड रंगवा, फुटल्यावर तुटलेली कड पांढरीशुभ्र दिसते आणि दृश्य संपलं. कोरड्या प्लास्टरमध्येच आधी रंगाची पूड मिसळा, आयर्न ऑक्साइडची काळी आणि थोडी पिवळी. ओलं असताना गडद दिसतं, सुकल्यावर बरंच फिकं होतं. म्हणून छोट्या वड्या ओतून, सुकवून, मग छटा ठरवा. थोडी जाड वाळूही घाला, तुटलेली कड खडबडीत येते.

दुसरं, जाडी. चार मिलिमीटर, सहा, आठ अशा तीन चाचणीप्रती करा आणि दृश्यात जेवढ्या उंचीवरून पडणार तेवढ्याच उंचीवरून टाका. प्रत्यक्ष फरशी कशी असेल ते विचारा. फरशीखाली लाकडी चौथरा असेल तर आघात शोषला जातो आणि मुखवटा फुटण्याऐवजी टुणकन उडतो. मी हे बघितलं आहे, सगळं युनिट स्तब्ध उभं.

तिसरं, ओलावा. पूर्ण सुकलेलं प्लास्टर ओल्यापेक्षा साधारण दुप्पट मजबूत असतं. तुम्ही दोन दिवसांच्या प्रतीवर चाचणी घेतली आणि सेटवर दहा दिवसांची नेली, तर निकाल वेगळा येणार. सगळ्या प्रती एकाच दिवशी एकाच अवस्थेत असाव्यात. फार मजबूत होत असतील तर मिश्रणात पाणी वाढवा, प्लास्टर सच्छिद्र आणि ठिसूळ होतं.

चौथं, कसा फुटायला हवा ते दिग्दर्शकाला विचारा. नुसता चुरा हवा की अर्धा चेहरा वर बघत पडलेला हवा? आतल्या बाजूला ओलं असतानाच चाकूने खाचा दिल्या तर तडा बराचसा त्या वाटेने जातो.

मातीकाम

विचारलं. अर्धा चेहरा हवा आहे! एक डोळा आणि नाक वर बघत. हे तुम्ही लिहिलं नसतं तर माझ्या मनातही आलं नसतं. खूप आभार.

रंगरेषा

रंगाबद्दल माझं थोडं.

रेझिन, फोम आणि प्लास्टर रंग वेगवेगळा पितात. प्लास्टर ब्रश टेकताच रंग शोषतं, रेझिनवर तोच रंग तरंगतो. एकाच डब्यातला करडा तिन्हींवर तीन करडे होतो. म्हणून तिन्हींना आधी एकच मॅट प्राइमर, म्हणजे रंगाखालचा बिनचकाकीचा थर, द्या आणि मगच पुढे जा. फोमवर साधा रंग वाकवला की तडकतो, तिथे रंगात द्रव लॅटेक्स मिसळा किंवा लवचिक बाइंडर वापरा.

दगड म्हणजे करडा रंग, हा समज काढा. आधी मध्यम उबदार करडा. त्यावर टूथब्रशने तीन रंगांचे शिंतोडे, काळसर, तपकिरी, जवळजवळ पांढरा. मग खूप पातळ गडद रंगाचा हात फिरवून लगेच ओल्या स्पंजने पुसा, खळग्यांत राहील तेवढाच ठेवा. शेवटी कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट. नाकाचा शेंडा, भुवया, खालचा ओठ, जिथे माणसांचे हात लागले असते तिथे थोडी गुळगुळीत झिलई. हातांची ती झिलई नसेल तर वस्तू जुनी न वाटता नुसती मळकी वाटते.

बाकी चकाकी अजिबात नको, दिव्याखाली एक पांढरा ठिपका सगळी फसवणूक उघडी पाडतो. आणि ज्या दिव्यांत चित्रीकरण आहे त्याच दिव्यांत कॅमेऱ्यातून बघा. खिडकीच्या उजेडात जुळलेले दोन करडे दिव्याखाली वेगळे दिसू शकतात.

त्रिमिती

एक शंका. आजकाल डिजिटल शिल्प करून थेट थ्रीडी प्रिंट काढतात. मग माती, साचा हे सगळं कशासाठी?

ओतशाळा

मूळ शिल्प प्रिंट करून घ्यायला काहीच हरकत नाही, मीही घेतो. यंत्रासारख्या, दोन्ही बाजू सारख्या असलेल्या वस्तूंना तर तेच बरं. पण अकरा प्रती तीन वेगवेगळ्या मालांत हव्यात, आणि त्यातल्या आठ फुटायला हव्यात. तिथे साचाच लागतो. एक धोका लक्षात ठेवा, रेझिनच्या प्रिंटवर प्लॅटिनम सिलिकॉन गंधकासारखंच फसतं. प्रिंट नीट धुऊन, प्रकाशात पूर्ण पक्का करून, वर थर देऊन, कोपऱ्यात चाचणी घेऊन मगच ओता.

प्लास्टर केवळ स्वस्तातला पर्याय आहे असंही कुणाला वाटू नये. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई होती तेव्हा तीन वर्षं ऑस्करच्या बाहुल्या रंगवलेल्या प्लास्टरच्या दिल्या गेल्या. युद्धानंतर त्या बदलून धातूच्या दिल्या.

मातीकाम, रेझिन ओतताना सेंद्रिय वाफांसाठीचं काडतूस असलेला मास्क वापरा, साधा कापडी नाही. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दम्यासारखा त्रास होऊ शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की थोड्या वाफेनेही तो उलटतो. घासकाम ओल्या कागदाने करा. साचा कोरडा हवा. आत पाण्याचा अंश राहिला तर रेझिन फेसाळतं, प्रतीवर पुरळ आल्यासारखं दिसतं. वाळूसुद्धा भाजून कोरडी करून घ्या.

हौशी_संग्राहक

जरा वेगळा प्रश्न. मला एका प्रसिद्ध चित्रपटातल्या शिरस्त्राणाची प्रतिकृती करायची आहे. कुणीतरी विकत असलेल्या प्रतीवरूनच साचा काढला तर?

पडद्यामागे

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कायद्याच्या बाजूने एक मोठा खटला झाला आहे. ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या सैनिकांची शिरस्त्राणं ज्या कारागिराने मूळ चित्रपटासाठी बनवली, त्यानेच पुढे प्रती विकल्या. चित्रपट बनवणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने दावा केला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ठरवलं की ते शिरस्त्राण कॉपीराइट कायद्याच्या अर्थाने शिल्प नाही, ती चित्रपटनिर्मितीत उपयोगी पडणारी वस्तू आहे. म्हणजे तिथल्या कायद्याप्रमाणे शिल्पाचं संरक्षण तिला मिळालं नाही. मात्र अमेरिकन कॉपीराइटच्या भंगाचा दावा इंग्लंडच्या न्यायालयात चालू शकतो, असंही त्याच निकालात म्हटलं. तेव्हा एका देशाचा निकाल वाचून धंदा सुरू करू नका.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच्या प्रतीवरून साचा काढणं म्हणजे त्याचे मूळ शिल्पावरचे सगळे दिवस उचलणं. आणि वस्तूही बिघडते. प्रत्येक पिढीत थोडी आकसते, धार बोथट होते, आधीच्या जोडरेघा नव्या प्रतीत कोरल्या जातात. स्वतः मोजमापं काढून, छायाचित्रं बघून नव्याने घडवा. वेळ लागेल, पण ती तुमची असेल.

ओतशाळा

याला शंभर टक्के सहमत. चार हातांनी फिरलेली प्रत मी बोट फिरवून ओळखू शकतो.

मातीकाम

सगळ्यांना नमस्कार. तेरा दिवसांनी लिहिते आहे, क्षमा असावी.

टिनच्या सिलिकॉनचा साचा पहिल्याच प्रयत्नात साधला. निळसर थराचं फार काम झालं, हनुवटीखाली पूर्ण रुपयाएवढी जागा राहिलेली त्यामुळेच दिसली. कवच अलगद उचललं गेलं. साचा उलटा सोलताना आधी कपाळ सुटलं, मग नाकापाशी जरा अडलं आणि एकदम मोकळं झालं. पहिली प्रत हातात घेतली तेव्हा उजव्या कानाजवळ माझ्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट दिसला, रेषा मोजता येतील असा. मातीत तो कधी दिसलाच नव्हता, कारण मातीचा रंग गडद. क्लोजअपच्या प्रतीवर तो पुट्टीने भरून ओल्या कागदाने घासला. बाकी दहा प्रतींवरही एकेक करून काढला, कारण एकीवर असून दुसरीवर नसणं चाललं नसतं.

वजन रेझिनमध्ये छर्रे घालून वाढवलं. अभिनेत्रीच्या हातात आधी एक हलकी प्रत दिली, मग ही. दुसरी घेताना तिने आपोआप डावा हात खाली लावला. तेवढं बघून मी निश्चिंत झाले.

फोडायच्या प्रतींनी छळलं. चार मिलिमीटरची साच्यातून काढतानाच तुटली, आठची तीनदा टाकूनही फक्त कोपरा उडाला. सहा मिलिमीटर, पाणी जरा जास्त, आणि आत कपाळापासून हनुवटीपर्यंत वाकडी खाच, हे जमलं. पांढरी कड दिसू नये म्हणून रंगीत प्लास्टर वापरलं. पडल्यावर तुटलेल्या जागी करडी खरखरीत कड दिसते, अगदी दगडच. काल चित्रीकरण झालं. पहिला मुखवटा तोंडावर पडला, दुसऱ्याचा चुरा झाला, तिसऱ्याला अर्धा चेहरा वर बघत थांबला. डोळ्याखाली एक छोटा तडा गेला होता, जो मी दिलेलाच नव्हता. दिग्दर्शक तिथे वाकून बराच वेळ बघत होते.

पाच प्रती शिल्लक आहेत, साचाही चांगला आहे. पुढे पुन्हा काही दृश्यं लागली तर साचा कसा ठेवायचा?

ओतशाळा

फार छान. तो तिसरा मुखवटा सेटवरून घेऊन या, टाकू देऊ नका.

साचा रिकामा ठेवू नका, आपल्याच वजनाने वाकतो आणि तसाच बसतो. आत एक रेझिनची प्रत घालून, कवचात बसवून, तोंड खाली करून सपाट फळीवर ठेवा. वर काही रचू नका, ऊन नको. कवचावर तारीख आणि सिलिकॉनचा प्रकार पक्क्या शाईने लिहा. वर्षभराने काढलात तर आधी कडेला ताणून बघा. फाटत असेल तर आतल्या त्या रेझिनच्या प्रतीवर नवा साचा काढा. ती साच्याइतकीच जपा.

मातीकाम

लिहिलं तारीख आणि प्रकार. आत ती छर्रे नसलेली पहिली प्रत घातली आहे, ठसा भरलेली.